कोकरं धरायला कोण होतं

ह्वामसेल, १६ सप्टेंबर १९९१

इंगवार,

एकोणीस वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं तुला वाटेल. कुणी गेलेलं नाही. बाबा पलीकडच्या खोलीत बसून वाळवलेला मासा लोणी लावून खाताहेत आणि दातांत अडकलेलं माझ्या विणायच्या सुईनं काढताहेत. एक्याऐंशीव्या वर्षी त्यांची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. डोकं मात्र राहिलं नाही. चार वर्षं झाली. तुला कुणी कळवलं नसेल. मीही कळवलं नाही. तुझा स्टावांगरचा पत्ता मी परवा बाल्दुरकडून घेतला.

आई वारली हे पहिल्या वर्षी मी त्यांना सांगायची. दर वेळी ते नव्यानं रडायचे. मग मी सांगणं सोडलं. आता आई कायमची गावाला गेलेली असते आणि संध्याकाळपर्यंत येणार असते. ते महिना सांगू शकत नाहीत. काल त्यांनी मोजे चुलीवर शिजत ठेवले. पण मेंढी समोर आणली, की तिची आजी कोण हे सांगतात.

कामाचं बोलते. परवा मेंढ्या डोंगरावरून उतरल्या. सगळ्या खोऱ्याचा कळप दगडी कोंडवाड्यात आला आणि नेहमीसारखी ओढाओढ सुरू झाली. डोंगरराजा अजून बाल्दुरच आहे आणि मेंढ्या उतरवताना त्याचाच शब्द शेवटचा. मी आमच्या एका मेंढीला शिंगांनी धरून आमच्या खणात ढकलली. तिच्यामागून कोकरू निघालं, तर बाल्दुरनं त्याला मध्येच पकडलं आणि कान चाचपले. मग दुसरं धरलं. मग तिसरं.

"रान्वेग, ही कोकरं तुमची नाहीत," तो म्हणाला.

मी म्हटलं, अरे, आमच्याच मेंढीमागून आलंय ना ते?

"मागून कुणीही येतं. कानावर इंगवार आहे."

उजवा कान उभा चिरलेला, डाव्याला मागून दोन खाचा. तुझी खूण. एकूण एक कोकरावर तीच, अडुसष्टच्या अडुसष्टांवर. बाबांची खूण, उजवा छाटलेला आणि डाव्याला पुढून एक खाच, यंदा एकाही कोकरावर नाही. सगळं खोरं बघत उभं होतं. बाल्दुर काय करणार? त्यानं तुझा खण उघडला. एकोणीस वर्षं आम्ही त्यात मोडकी कुंपणं टाकतो. पोरांनी ती उपसली आणि तुझी कोकरं आत भरली.

नियम तुला ठाऊक आहे. मेंढी बाबांची, कोकरं तुझी, कारण कोकराच्या कानावर जे लिहिलंय तेच खरं. कत्तलखान्याच्या माणसाला मी तिथेच विचारलं. तो म्हणाला की मालकाची सही आणा, नाहीतर मी उतरवून घेत नाही. आणि कायद्यानं मालक तू.

जूनमध्ये मी तापानं पडले होते. वसंत लांबला, म्हणून तीन आठवड्यांची झालेली सगळी कोकरं बाबांनी एकाच दिवसात कान कापून खुणावून टाकली आणि माळावर सोडली. निदान हात तरी शाबूत आहेत, असं म्हणून मी बरं मानलं होतं. कान मी तपासले नाहीत.

तुझी खूण नोंदणीच्या छापील पुस्तकात, खुणांच्या पुस्तकात, अजून कशी, हे मला विचारू नकोस. आहे. एवढंच.

सोबत कागद आहे. तीन ओळींचा. ही कोकरं माझी नाहीत, बापाकडून चुकून माझी खूण पडली, असं त्यात लिहिलंय. खाली सही कर आणि पाठव. ऑक्टोबरअखेर कत्तल बंद होते, आणि आमचं गवत मेंढ्यांनाच जेमतेम पुरेल. अडुसष्ट जिवांना हिवाळाभर काय घालू? तू सही केली नाहीस तर मला न्यायाधीशाकडे जावं लागेल, आणि तिथं जाऊन काय म्हणावं लागेल ते मला म्हणायचं नाहीये.

रान्वेग

ह्वामसेल, ५ ऑक्टोबर १९९१

इंगवार,

तुझं उत्तर नाही. पोस्टवाला रोज येतो आणि रोज बिचाऱ्याचा चेहरा माझ्यापेक्षा पडलेला असतो.

मी अर्ज केला. न्यायाधीशाच्या कचेरीतून कागद आला, त्यावर वर माझं नाव, खाली बाबांचं, आणि मध्ये ‘विरुद्ध’. पन्नास वर्षं या माणसाच्या शेजारी दूध काढलं आणि आता मी त्याच्या विरुद्ध. त्यांच्या मालमत्तेचे निर्णय घ्यायचा हक्क काढून घ्यावा, कारण त्यांना काय करतोय ते समजत नाही, असं मी लिहून दिलंय. हातानं लिहवेना. टंकलेखनाच्या यंत्रावर लिहिलं.

मला वाटलं होतं की लोक येतील, बघतील, हळहळतील आणि शिक्का मारतील. तसं नसतं. बाबांना सरकारनं वकील दिली. ओलोव तिचं नाव, तिशीची असेल, शहरातली, येताना पातळ बूट घालून आली आणि गोठ्याच्या दारात रुतली. ती बाबांच्या बाजूची. म्हणजे माझ्या विरुद्ध बाजूची. मी कॉफी दिली, ती तिनं घेतली, पण बाबांशी बोलताना मला बाहेर जायला सांगितलं. माझ्याच स्वयंपाकघरातून.

बाहेर उभी राहून मी ऐकलं. ऐकू नये, पण भिंत पातळ आहे. बाबांनी तिला तपकीर दिली. मग ती खोऱ्यातली एकेक वस्ती विचारत गेली आणि बाबा खुणा सांगत गेले. बेचाळीस वस्त्या. एक चुकली नाही. दोन वस्त्यांत आता माणसं राहत नाहीत, त्यांच्याही सांगितल्या.

जाताना ती दारात मला म्हणाली, "विसरणं हा गुन्हा नाही. आणि मूर्खासारखं काही देऊन टाकायचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. तुम्हाला पटलं नाही, एवढ्यावरून तो हक्क जात नाही."

मी म्हटलं, बाई, त्यांना वार कुठला ते कळत नाही.

"वार मलाही कधीकधी कळत नाही," ती म्हणाली. "त्यांना मुलगा आहे हे कळतं ना?"

हे मला चपराकीसारखं लागलं, कारण ते खरं आहे. मुलगा आहे हे त्यांना पक्कं कळतं.

तिच्याकडून मी बरंच शिकले. त्यांच्या वतीनं बोलायला कुणीतरी असणं हा त्यांचा हक्क. न्यायाधीशानं त्यांना समोर बसवून ऐकणं हाही हक्क, आणि तेही शक्यतो त्यांच्याच घरात, कारण परक्या जागी म्हातारं माणूस आहे त्याहून जास्त गोंधळतं. ‘नाही’ म्हणायचाही हक्क. आणि निकाल लागेपर्यंत ते शहाणे. म्हणजे जबाबदाऱ्याही सगळ्या त्यांच्याच. मागे राहिलेल्या मेंढ्या शोधायला दुसऱ्यांदा डोंगरावर जायचं, तर पंचायतीची चिठ्ठी आली की ह्वामसेलनं दोन स्वार द्यावेत. एक आस्मुंदुरच्या, म्हणजे बाबांच्या, मेंढ्यांसाठी, एक इंगवारच्या कोकरांसाठी. मला हसू आलं. बाबांच्या वाटचा बाल्दुरनं आपला मुलगा दिला. तुझ्या वाटची मी गेले. तीन दिवस गारांत, गुडघे सुजले. बाहत्तर साली तू मेंढ्या उतरवायच्या तीन दिवस आधी बॅग उचलून निघालास आणि बाबांना शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे स्वार मागत फिरावं लागलं. त्याची त्यांना जेवढी शरम वाटली, तेवढी तू गेल्याची वाटली नव्हती. ती तुझी खेप मी आता पुरी केली असं समज.

माळावर वारा इतका होता की रात्रीच्या झोपडीत कुणी कुणाशी बोललं नाही. तसं इथंही कुणी बोलत नाही म्हणा.

सही पाठव. अजून वेळ आहे. तुझा कागद आला तर मी अर्ज मागे घेईन, आणि बाबांना कुणी काही विचारणार नाही.

रान्वेग

ह्वामसेल, २६ ऑक्टोबर १९९१

इंगवार,

न्यायाधीश मंगळवारी आला. कत्तल बंद व्हायच्या आत निकाल द्यायचा म्हणून घाईनं आला. चांगला माणूस, थोडा बहिरा. स्वयंपाकघरात टेबलाशी तो, त्याचा कारकून, ओलोव, पंचायतीतर्फे बाल्दुर आणि बाबा. मी पॅनकेक केले होते. मी चुलीपाशी उभी राहिले. अर्जदारानं कुठे बसायचं असतं ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी रविवारचा शर्ट घातला होता. मीच घातला होता त्यांना, बटणांना वीस मिनिटं लागली.

न्यायाधीशानं विचारलं, घरात कोण कोण राहतं?

"मी आणि इंगवार."

"आणि मुलगी?"

"रान्वेग? ती गेली. मेंढ्या उतरवायच्या तीन दिवस आधी गेली. तेव्हापासून पत्र नाही." त्यांनी खिशातून तपकिरीची डबी काढली. "पोरगी हुशार होती."

मी कॉफी ओतत होते. ओततच राहिले. बशीत सांडली तेव्हा बाबा वळून म्हणाले, "इंगवार, साहेबांना साखर दे."

तेव्हा कारकुनानं मान वर केली. बाल्दुर आपल्या कपात बघत होता. मी साखरेचा डबा पुढे केला. न्यायाधीशानं एक खडा घेतला आणि हातातच धरून ठेवला.

ओलोव शेवटपर्यंत लढली, हे तुला सांगायला हवं. आपल्या माणसासाठी कुणी असं भांडलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं. तिनं विचारलं, कोकरांवर कुणाची खूण घातलीत? इंगवारची. का? बाबा म्हणाले, मी म्हातारा झालो, त्यानं घर सोडलं नाही, मेंढ्या त्याच्याच व्हायला हव्यात. ती न्यायाधीशाकडे वळून म्हणाली की माणसानं काय केलं आणि का केलं, दोन्ही त्याला सांगता येतंय, यापेक्षा शहाणपण म्हणजे आणखी काय?

न्यायाधीशानं त्यावर एकच प्रश्न विचारला. "इंगवार कुठे आहे आत्ता?"

"हा काय," बाबा म्हणाले, आणि तपकिरीच्या डबीनं माझ्याकडे बोट केलं.

ओलोवनं कागद मिटले. तिला लागलं असावं. मला वाटलं, बाई, तुला काय लागलं, मी तर उभी आहे.

मग न्यायाधीशानं मला विचारलं, खुणा घालताना तुम्ही होतात का? मी म्हटलं, नाही, तापानं पडले होते. कारकुनानं ते लिहून घेतलं. मी सही केली.

गुरुवारी निकाल आला. मालमत्तेचे निर्णय घ्यायचा हक्क बाबांचा गेला. अंगाचा, राहण्याचा, मताचा हक्क राहिला. म्हणजे निवडणुकीला त्यांना घेऊन जायचं आणि ते तीस वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाला मत देतील. कुठे राहायचं तेही त्यांनीच ठरवायचं. ते ‘घरी’ म्हणतात, आणि घर म्हणजे आई असलेलं घर, ते मी कुठून आणू? कोकरं खुणावणं हे भान नसताना घडलं, म्हणून ती देणगी नाही, असं ठरलं. कोकरं बाबांची. बाबांचं सगळं सांभाळायला पालक म्हणून मी. वर्षाला हिशेब द्यायचा, मोठं काही विकायचं तर विचारायचं, आणि प्रत्येक बाबतीत आधी त्यांना काय वाटतं ते विचारायचं. हे शेवटचं मला आवडलं. रोज सकाळी विचारते.

काल गाडी आली. सदुसष्ट कोकरं गेली. एक मादी ठेवली, लंगडत होती म्हणून.

आता तुझ्या सहीची गरज नाही. तुझी इच्छा होती की नव्हती, सुटलास. कढईत आतडी उकळताहेत, रक्त आणि पीठ भरायच्या पोटाच्या पिशव्या शिवायच्या आहेत. पूर्वी आपण तिघं मिळून शिवायचो, आणि तू नेहमी भोक ठेवायचास.

रान्वेग

ह्वामसेल, ३ मार्च १९९२

इंगवार,

तुझं पत्र आलं. पोस्टवाल्यानं ते दोन्ही हातांनी दिलं आणि मी फोडेपर्यंत उभा राहिला. त्याला आत बोलावून कॉफी द्यावी लागली.

मी चार वेळा वाचलं. तू लिहितोस की सही मुद्दाम केली नाहीस, कारण ‘चुकून’ हा शब्द तुला मान्य नव्हता. तिकडच्या आपल्या लोकांच्या मंडळात खुणांचं पुस्तक कपाटात होतं. तू एकदा सहज उघडलंस आणि अठ्ठ्याऐंशीच्या आवृत्तीत आपलं नाव पाहिलंस. मग ऐंशीची आवृत्ती शोधलीस, तिथंही होतं. दर आठ वर्षांनी बापानं तुझी खूण पुन्हा नोंदवली, म्हणजे त्यानं तुला टाकलं नव्हतं, असं तू समजलास. तेव्हापासून ते पुस्तक तू घरी नेऊन ठेवलंयस. आणि आता कोर्टानं बापानं दिलेलं काढून घेतलं, म्हणून तू वकील गाठलायस आणि वसंतात निकाल उलटवायला येणार आहेस.

आणि शेवटी लिहिलंयस: "एकट्या म्हाताऱ्याला तीन आठवड्यांची अडुसष्ट कोकरं एका दिवसात खुणावता येत नाहीत. कान कापायला एक लागतो आणि धरायला एक. धरायला कोण होतं?"

न्यायाधीशाला हे सुचलं नाही. ओलोवलाही नाही, ती शहरातली. बाल्दुरला पहिल्या दिवशीच सुचलं होतं, पण तो बोलला नाही. तू मात्र एकोणीस वर्षं तेलाच्या विहिरींवर राहूनही मेंढपाळाचाच पोर राहिलास. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आता अर्थ नाही.

मी धरत होते.

ताप वगैरे काही नव्हता. थंडी होती, म्हणून मी गोठ्याच्या खुंटीवरचा तुझा जुना स्वेटर घातला होता आणि टोपी कानांवर ओढली होती. पहिलं कोकरू मांडीत धरलं. बाबांनी चाकू काढला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आलास ते बरं केलंस." त्या हिवाळ्यात ते माझ्याशी धड एक वाक्य बोलले नव्हते. मग त्यांनी उजवा कान उभा चिरला. छाटला नाही, चिरला. पहिल्याच कापाला मला कळलं. बाबा, ही आपली खूण नाही, एवढं म्हणायला किती वेळ लागतो?

मी ते म्हटलं नाही. त्यांनी डाव्या कानाला दोन खाचा घातल्या आणि बोलायला लागले. तू पहिल्यांदा घोड्यावरून पडलास ते. आईला तुझी शीळ आवडायची ते. कुठल्या मेंढीवर भरवसा ठेवायचा नाही ते. दुपारी दगडावर बसून आम्ही राय धान्याचा काळा पाव खाल्ला आणि त्यांनी मला तपकीर दिली. मी ओढलीही. ते हसले. मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटत होती. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी दिवसभर माझ्याशी बोलत होतं. नाव तुझं होतं म्हणून काय झालं?

एका कोकराला चूक म्हणता येतं. अडुसष्टांना म्हणता येत नाही. प्रत्येक वेळी मी खाली वाकून नवं कोकरू उचलत होते.

तर चूक बाबांची नव्हती, इंगवार. ती माझी होती, आणि मी चांगली शुद्धीवर होते. त्यासाठी न्यायाधीशापुढे मी त्यांना वेडं ठरवलं आणि खोटं बोलून सही केली. मी तिथं होते असं म्हटलं असतं, तर मला विचारलं असतं की थांबवलं का नाहीत, आणि असल्या बाईला कुणी पालक नेमलं नसतं. बाबांना शहरातल्या आश्रमात नेलं असतं. ती भीती होतीच. पण खरं सांगायचं तर मला ते उत्तर चार लोकांपुढे द्यायचं नव्हतं.

आता दुसरं. ते पुस्तक.

तू गेलास त्या हिवाळ्यात नव्या आवृत्तीसाठी फॉर्म आला. बाबांनी जेवणाच्या टेबलावर बसून सुताराच्या जाड पेन्सिलीनं तुझ्या नावावर रेघ मारली. एकदाच, सरळ, पट्टी लावून. मग फॉर्म मला पोस्टात टाकायला दिला. मी गोठ्यात नेऊन ती रेघ खोडली आणि नाव शाईनं पुन्हा लिहिलं. ऐंशी साली मीच भरलं. बाबांनी विचारलं, "गेलं ना ते नाव?" मी म्हटलं, गेलं. अठ्ठ्याऐंशीला त्यांनी विचारलं नाही, तेव्हा त्यांचं विचारणं संपत आलं होतं.

हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तुझ्या घरातलं ते पुस्तक मी आता हिसकावून घेते आहे. पण तू त्याच्या जोरावर कोर्टात उभा राहणार असशील, तर तुला कळायला हवं की त्या फॉर्मांवर बाबांचं अक्षर नाही, माझं आहे. आणि तुझ्या वकिलाला हेही सांग: कायद्याच्या हिशेबात डोकं ठिकाणावर असलेला बाप तो, ज्यानं पट्टी लावून तुझं नाव खोडलं. ज्यानं अडुसष्ट वेळा तुझं नाव कोरलं, त्याला काही समजत नव्हतं. यातला खरा कोणता, ते न्यायाधीशानं ठरवून दिलंय. मला अजून ठरवता आलेलं नाही. मी दोघांबरोबर राहिले आहे. दोघांनाही तपकीर एकाच डबीतली लागते.

माझी खूण कुठली, असं ओलोवनं एकदा सहज विचारलं होतं. माझी अशी खूणच नाही. बारशाला मला कोकरू मिळालं होतं, पण त्याच्या कानावर बाबांचीच खूण होती. तुला पाचव्या वर्षी स्वतःची मिळाली. मी सोळा वर्षं तुझी खूण जपली आणि त्या जागी स्वतःचं नाव लिहावं, हे मला अठ्ठ्याऐंशीपर्यंत सुचलंसुद्धा नाही. सुचलं तेव्हा शाईची बाटली बंद करून झाली होती. मी पुन्हा उघडली नाही.

हे पत्र तुझ्या हातात आहे. न्यायाधीशाला दाखवलंस तर माझं पालकपण जाईल, आणि खोट्या जबाबाचं जे व्हायचं ते होईल. मी तुला नको म्हणणार नाही. ठेवलेली ती मादी लंगडत नव्हती. चांगली दणकट आहे, तुझीच खूण आहे तिच्या कानांवर, आणि कायद्यानं काहीही ठरवलं असलं तरी मी तिला तुझीच म्हणते. बाबा रोज तिचे कान चाचपतात आणि खुशीत असतात.

एक मागते. वकिलाबरोबर येऊ नकोस, जूनमध्ये ये, कोकरं खुणावायच्या दिवशी. कुणाची खूण घालायची ते आता मी ठरवायचं आहे, कागद तसं म्हणतो, पण चाकू मी बाबांनाच देणार. तुझा स्वेटर धुऊन ठेवलाय, होत असला तर घाल. तू खाली बस आणि कोकरू मांडीत धर. बाबा तुला इंगवार म्हणतील की नाही, सांगवत नाही. तू जाड झाला असशील, केस गेले असतील. पण तू तिथं असलास, तर मला तरी ते इंगवार म्हणणार नाहीत. मी थोडी लांब, कुंपणापाशी उभी राहीन. मग कधीतरी, पाच-दहा कोकरं झाल्यावर, ते मान वर करतील आणि तुला विचारतील, ती बाई कोण रे तिकडे?

तू काही बोलू नकोस. मी सांगेन.

तुझी बहीण,
रान्वेग